चारशे सतरा नंबरचा दगड

विनोदिनी खिरवडकरला रायपुरात फारसं कोणी ओळखत नव्हतं, आणि जे ओळखत होते त्यांनाही ती नेमकं काय काम करते हे धड सांगता आलं नसतं. तिच्या मोहल्ल्यातल्या, तात्यापाऱ्यातल्या बायकांना वाटे, ती सरकारी ऑफिसात नकाशे काढते. तिची धाकटी जाऊ पाहुण्यांना सांगायची, "आमच्या ताई म्युझियमात पेंटिंग करतात." नवरा यशवंतराव रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर. तो दोस्तांना म्हणायचा, "माई बायको गोट्यायचे फोटो काढते, पन क्यामेऱ्याबिगर." त्यातल्या त्यात त्याचंच म्हणणं खऱ्याच्या जवळ होतं.

ती दगडी हत्यारांची चित्रं काढायची. हजारो, लाखो वर्षांमागे कोणीतरी हातात धरून, दुसऱ्या दगडाने ठोकून, धार काढलेले दगड. जमिनीतून असा दगड निघाला की त्याचा फोटो घेतातच. पण फोटोत ऊन दिसतं, सावली दिसते, मातीचे डाग दिसतात. कोणता घाव आधी पडला आणि कोणता मागून, ते दिसत नाही. ते हाताने काढून दाखवावं लागतं. दगडाची मूळ साल शिल्लक असेल तिथे बारीक ठिपके. ढलपी उडाली असेल तिथे बाकदार रेघा, त्याही घाव ज्या बाजूने बसला तिथून पसरत गेलेल्या, तळ्यात खडा टाकल्यावर लहरी निघतात तशा. अलीकडे कुदळ लागून तुटलं असेल तर तो भाग कोरा सोडायचा. उजेड कायम डावीकडून, वरून. एकाच दगडाची समोरून, मागून, बाजूने अशी तीन चित्रं, आणि सगळी दगडाच्याच मापाची. साध्या दगडाला तिला एक दिवस लागायचा, अवघड असला तर तीन.

हे काम तिने मागून घेतलेलं नव्हतं. खैरागढला चित्रकला शिकून ती एका शाळेत अर्धवेळ ड्रॉइंग शिकवत होती. १९९९ साली कोणाच्या तरी ओळखीने दत्तोपंत सुभेदारांचा निरोप आला. दत्तोपंत म्हणजे पुरातत्त्व खात्यातले मोठे अधिकारी, भोसल्यांच्या अमदानीत इकडे आलेल्या घराण्यातले. उंच, बारीक, आवाज कधी न चढवणारे. त्यांना सहा आठवड्यांसाठी चित्रं काढणारं माणूस हवं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यापुढे एक तांबूस दगड ठेवला. तिने तीन तास खपून पेन्सिलीने छायाप्रकाशासकट हुबेहूब काढला. दत्तोपंतांनी चित्र हातभर लांब धरून पाहिलं.

"छान आलाय. पण फोडणाऱ्याने हा कुठून फोडायला घेतला, ते मला यात सापडत नाही."

"ते कसं कळणार सर?"

त्यांनी तिचा अंगठा धरून दगडाच्या पोटावर फिरवला. "इथे टेंगूळ लागतं? त्याच्या वर, या काठावर मारलंय त्याने. आता इथून खाली ये. लहरी लागतात? आता हा खळगा. हा पहिल्याच्या अंगावर चढलाय, म्हणजे हा नंतरचा." आणि मग म्हणाले, "दगड काढू नकोस विनोदिनी. त्याने काय काय केलं ते काढ."

त्या दिवशी घरी जाऊन तिने भाजी चिरताना बटाट्याच्या कापांकडे इतकं निरखून पाहिलं, की यशवंतराव म्हणाला, "काहून, किडा निघाला का?"

सहा आठवड्यांची चोवीस वर्षं झाली. नेमणूक कायमची कधीच झाली नाही. दर वर्षी कंत्राटाचा एक कागद यायचा, ती सही करायची. शाळा सुटली. कायमच्या नोकरीची जाहिरात दोनदा निघाली, दोन्हीदा वयाची अट आडवी आली. पण तिला त्याचं फार वाटलं नाही, कारण तिच्यापुढे बेलझिरिया होतं.

बेलझिरिया हा रायपूरपासून दीड-दोन तासांवरचा एक नाला. त्याच्या काठावर दत्तोपंतांनी चार हिवाळे खोदकाम केलं. अकराशे बत्तीस दगड निघाले. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका, त्यावर काळ्या शाईने नंबर, आणि नंबर पुसला जाऊ नये म्हणून वरून नेलपॉलिश. सदर बाजारातल्या दुकानदाराला कोडं पडायचं की ही साध्या वेषातली बाई बिनरंगाच्या नेलपॉलिशच्या डझनभर बाटल्या एकदम का नेते. कोणता दगड कोणत्या खड्ड्यातून, किती खोलीवरून निघाला हे दत्तोपंतांच्या रजिस्टरात लिहिलेलं असे. विनोदिनी तेच चित्राच्या कोपऱ्यात उतरवून घ्यायची.

त्या अकराशे बत्तीसांत सगळ्यांत खालच्या, खडीच्या थरातले त्रेसष्ट दगड होते, आणि त्या त्रेसष्टांत दत्तोपंतांचा जीव होता. तो थर फार जुना. तिथे माणसाच्या हातचा दगड निघाला असेल, तर या मुलखात माणूस कधी आला याचं उत्तर कितीतरी मागे जात होतं. त्यातला चारशे सतरा नंबरचा दगड म्हणजे तळहाताएवढी हातकुऱ्हाड. तिचं चित्र दत्तोपंतांनी परिसंवादांत दाखवलं, एका स्मरणिकेत छापलं. ते चित्र विनोदिनीचं होतं. खाली नाव नव्हतं, पण ते तिच्या लक्षातही आलं नाही.

बाकी अहवाल मात्र छापला गेला नाही. दत्तोपंत निवृत्त झाले तरी मजकूर पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. मग फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली आणि तिथेच बसली. मधल्या काळात बेलझिरियाच्या काठावर मुरमाची खदान सुरू झाली. एकदा विनोदिनी जीपमधून तिकडे गेली तर नाला कुठला आणि रस्ता कुठला हे ओळखू येईना. होता तो एक भलामोठा खड्डा आणि त्यात हिरवं पाणी. परत येताना ड्रायव्हर भैय्यालाल म्हणाला, "दीदी, दगड तर आपल्याजवळ आहेत ना?"

"हव," ती म्हणाली. "दगड आहेत."

दोन हजार बावीस साली ऑफिस नव्या रायपुरात हलवायचं ठरलं. जुन्या इमारतीतलं गोदाम रिकामं करण्याआधी स्वच्छ करायला एक ठेकेदार नेमला. विनोदिनी त्या आठवड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात होती. वर्षभर तिला कडेचं कमी दिसत होतं. जिन्याची पायरी चुकायची, बाजूने येणारी स्कूटर अंगावर येईपर्यंत कळायची नाही. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. "जे गेलं ते परत येणार नाही," ते म्हणाले. "आहे ते टिकवायला औषध. बारीक काम बंद करा."

दवाखान्यातून ती थेट ऑफिसात आली तर अंगणात दगडांचा ढीग वाळत पडला होता. ठेकेदाराच्या माणसांनी पोती उघडून सगळे दगड टबात ओतले होते, तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासले होते. मातीबरोबर पांढरे ठिपके गेले, शाई गेली, नेलपॉलिश गेलं. पोत्यांवरच्या चिठ्ठ्या कचऱ्यात. दत्तोपंतांचं रजिस्टर ज्या कपाटात होतं, त्याला वाळवी लागलेली; कपाट जसंच्या तसं उचलून जाळायला नेलं होतं.

तिथला मुकादम तिला बघून कौतुकाने म्हणाला, "देखिए मॅडम, कैसा चमका दिया."

ती खाली बसली. ढिगातला एक दगड उचलला, फिरवला, दुसरा उचलला. सगळ्यांची तोंडं ओळखीची होती, पण नाव एकाचंही नव्हतं.

नव्या ऑफिसात शिशिर तिवारी नावाचा तरुण अधिकारी आला होता. माणूस वाईट नव्हता. त्याने चौकशी लावली, ठेकेदाराला पत्र लिहिलं, आणि मग विनोदिनीला समोर बसवून विचारलं, "मॅडम, अब कुछ हो सकता है क्या? नंबर के बिना तो ये सिर्फ पत्थर हैं."

"होऊ शकतं," ती म्हणाली. त्याला मराठी कळत होतं. "मी एकेक काढलाय. माझी चित्रं दगडाच्या मापाची आहेत. दगड कागदावर ठेवला आणि रेघेत बसला, की तो तोच. चित्राच्या कोपऱ्यात नंबर आहे, कोणता खड्डा ते आहे, खोली आहे."

"ग्यारह सौ?"

"अकराशे बत्तीस."

मग जवळजवळ वर्षभर ती रोज सकाळी तेलीबांध्याला बसची वाट बघत उभी राहिली. नव्या रायपूरची बस कधी यायची, कधी नाही. आली तर रुंद, मोकळ्या रस्त्यांवरून अर्धी रिकामीच जायची. ऑफिसच्या तळमजल्यावर तिला एक लांब टेबल मिळालं होतं. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला चित्रांचे गठ्ठे. ती दगड हातात घेई, डोळे मिटे, अंगठा फिरवी. पुष्कळदा चित्र शोधायच्या आधीच तिला तो आठवे: हा त्या पावसाळ्यातला, याच्या टोकाशी मी अडले होते, हा लेकीला, राधिकाला, कांजण्या झाल्या तेव्हाचा, घरी नेऊन काढलेला. कागदावर ठेवला की दगड आपल्या रेघेत असा बसायचा की पायाला आपली चप्पल बसावी. मग ती नवा पांढरा ठिपका देई, नंबर लिही. कडेचं दिसत नसल्यामुळे शाईची बाटली चारदा सांडली. पण त्या महिन्यांत ती घरी गुणगुणत यायची. यशवंतराव आता निवृत्त होता, स्वयंपाक त्यानेच अंगावर घेतला होता.

"डॉक्टरनं बारीक काम बंद कर म्हनलं ना? तू तं अजून बारीक करून राहिली."

"हे झालं का बंद करीन. मग तुमी म्हनान तिथं बसून राहीन."

"किती झाले?"

"सहाशे चाळीस."

पुढच्या आठवड्यात चारशे सतरा हाताला लागला.

आकारावरून तिने लगेच ओळखला. चित्र काढून त्यावर ठेवला. रेघ तंतोतंत जुळली. मग सवयीने तिने अंगठा डाव्या धारेवरून फिरवला आणि थांबली. चित्रात त्या धारेवर दोन खळगे होते, एकावर एक चढलेले, बाकदार रेघांनी ठसठशीत दाखवलेले. त्या दोन घावांमुळेच तो दगड हातकुऱ्हाड ठरत होता. अंगठ्याला मात्र तिथे काहीच लागेना. टेंगूळ नाही, लहरी नाहीत. एक सपाट फुटलेला भाग होता, नदीच्या पुरात गोटे एकमेकांवर आपटून फुटतात तसा. तिने दगड खिडकीशी नेला, भिंग लावलं, ओला करून पाहिला, दिव्याचा उजेड आडवा टाकून पाहिला. तेजाबाने किंवा ब्रशने एवढे खळगे पुसले जात नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं.

तेव्हा तिला ती दुपार आठवली. मार्च महिना, जुन्या ऑफिसातला पंखा बंद, दत्तोपंत तिच्या खांद्यामागे उभे. त्यांनी पेन्सिलीचं टोक त्या धारेवर ठेवून म्हटलं होतं, "इथे दोन घाव आहेत." ती म्हणाली होती, "मला लागत नाहीत सर." "उजेड गेलाय म्हणून. आहेत, मी पाहिलेत." आणि तिने काढले होते. सुंदर काढले होते.

तिने त्या दिवशी कोणाला काही सांगितलं नाही. पुढचे आठ दिवस तिने फक्त खालच्या थराचे त्रेसष्ट वेचून काढले आणि प्रत्येकाचं चित्र धारेधारेने तपासलं. चोपन्न बरोबर होते, पण त्यांतले बहुतेक म्हणजे नुसत्या ढलप्या आणि गोटे, पुरात आपोआपही फुटून होतात तसे, ज्यांच्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. नऊ दगडांवर जे घाव तिने काढले होते ते दगडावर नव्हते. आणि त्या नवांवरच सगळा डोलारा उभा होता.

शिशिरच्या सहीचा गेटपास घेऊन, दगड रुमालात गुंडाळून ती दत्तोपंतांकडे गेली. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, तेलीबांध्याच्या तलावाजवळच्या एका इमारतीत मुलाकडे राहत. सून गंधालीने दार उघडलं. "पप्पाजी आज ठीक आहेत," ती म्हणाली, "पण जास्त वेळ नको हं काकू."

दत्तोपंत खिडकीशी खुर्चीत बसले होते. तिने दगड त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी न बघताच ओळखला.

"चारशे सतरा."

"हो सर. डावी धार बघा."

त्यांनी बराच वेळ अंगठा फिरवला. एकदा थांबले, परत फिरवला. स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज येत होता, तो बंद झाला. शेवटी म्हणाले, "तुला तेव्हा लागले होते का?"

"नाही सर."

"मग काढलेस कशाला?"

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुम्ही म्हणालात म्हणून."

"मी म्हणालो म्हणून." त्यांचा आवाज तसाच, न चढणारा. "मला दिसत होते, विनोदिनी. शपथेवर सांगतो, मला दिसत होते. माणसाला जे हवं असतं ते दिसतं, म्हणून तर दुसऱ्या माणसाकडून चित्र काढून घ्यायचं असतं. तू माझंच मला काढून दाखवलंस, आणि मी वीस वर्षं म्हणत आलो, बघा, दुसऱ्यालाही दिसलंय."

"मी कंत्राटी बाई सर. मी तुम्हाला नाही कशी म्हणणार होते?"

"एकदा म्हणाली होतीस. मला आठवतंय. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतंस."

त्यांनी दगड तिच्या हातात दिला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. ती उठली. दारात गंधालीने विचारलं, "पाणी घेता?" तिने नको म्हणून मान हलवली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरली, कठड्याला धरून, एकेक पायरी पायाने चाचपत.

घरी तिने यशवंतरावाला सांगितलं. तो फिटर माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कोनाले समजते हे? तुले, अन् त्या बुढ्याले. तू चूप राह्य. बाकीचे गोटे तं बरोबर आहेत ना?"

"त्याच्यासाठीच सांगावं लागन. हे नऊ खोटे आहेत हे लपवलं अन् उद्या कोनी शोधलं, तं हजार खरे बी खोटे ठरतीन."

शिशिरनेही तेच म्हटलं, जरा वेगळ्या शब्दांत. "मॅडम, इसको फाइल में मत लाइए. जो समिति पत्थर-चित्र का मिलान जाँचेगी, उसकी बैठक अगले महीने है. पहले मिलान पास हो जाने दीजिए, नौ का बाद में देखेंगे."

पण तिने लिहिलं. दीड पानाचा अर्ज, स्वच्छ अक्षरात: अमुक नऊ चित्रांत दगडावर नसलेले घाव दाखवले गेले आहेत, चूक माझी आहे, बाकीची सर्व चित्रं विश्वासार्ह आहेत. दत्तोपंतांचं नाव तिने त्यात घातलं नाही.

समितीत तीन जण होते, तिघेही बाहेरून आलेले. त्यांच्यातल्या एक बाई फार जाणत्या होत्या. त्यांनी कितीतरी दगड स्वतः चित्रांवर ठेवून पाहिले, आणि त्यांच्या तोंडून खरोखर कौतुक निघालं. मग त्यांनी विनोदिनीला समोर बसवलं आणि शांतपणे विचारायला सुरुवात केली.

"बाह्यरेषा जुळते, मान्य. पण दगड कुठे सापडला ते कोपऱ्यातल्या आकड्यावरून कळतं. तो आकडा कोणी लिहिला?"

"मी. रजिस्टरावरून."

"रजिस्टर कुठे आहे?"

"जळालं."

"म्हणजे तुमच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नाही. ठीक आहे. या नऊ चित्रांतली चूक तुम्हाला केव्हा कळली?"

"दोन महिन्यांपूर्वी."

"वीस वर्षं कळली नव्हती?"

कळली होती की नव्हती, हे विनोदिनीला स्वतःलाही सांगता येईना.

"उद्या आणखी सापडणार नाहीत, असं तुम्ही सांगू शकता?"

"बाकीची मी माझ्या हाताने काढलीत मॅडम. मला जे लागलं तेवढंच काढलंय."

"ही नऊसुद्धा तुमच्याच हाताची आहेत." बाईंनी चष्मा काढला. पुढचा प्रश्न विचारताना त्या स्वतः अवघडल्यासारख्या झाल्या. "तुमच्या डोळ्यांना काही त्रास आहे का? मघाशी तुम्ही कडेचा दगड शोधत होतात."

"काचबिंदू आहे," विनोदिनी म्हणाली.

दत्तोपंतांकडे माणूस पाठवून दोन ओळी लिहून घ्याव्यात, त्यांनी आकडे खरे असल्याचं सांगितलं तर काही करता येईल, असं ठरलं. भैय्यालाल गाडी घेऊन गेला आणि तासाभरात परत आला. गंधालीने दारातूनच सांगितलं होतं की पप्पाजींना त्या विषयावर बोलायचं नाही.

निर्णय पंधरा दिवसांनी आला. चित्रं काढणाऱ्या व्यक्तीने स्वतःच चित्रांत चुका असल्याचं लेखी दिलेलं असल्यामुळे, त्या चित्रांच्या आधारे केलेली ओळख ग्राह्य धरता येत नाही. सर्व अकराशे बत्तीस दगड 'ठिकाण अज्ञात' म्हणून नोंदवावेत. त्यांतले दिसायला चांगले बारा प्रदर्शनाच्या दालनासाठी निवडावेत, उरलेले पेट्यांत भरून ठेवावेत.

शिशिरने तिला कागद वाचून दाखवला. "मैंने कहा था," असं तो म्हणाला नाही. नुसतं म्हणाला, "मैंने बहुत कोशिश की, मॅडम."

तिने विचारलं, "नंबर घातलेत मी सातशे दगडांवर. ते राहू देणार ना?"

त्याने मान खाली घातली. चुकीची माहिती दगडावर राहू नये, असंही त्या कागदात लिहिलेलं होतं. ते काम तिला सांगायची त्याची हिंमत झाली नाही, पण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो माणूस परत तेजाब वापरेल, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तीच बसली. थिनर आणि कापसाचा बोळा घेऊन तिने चार दिवसांत सातशे तीन नंबर पुसले. पुसताना प्रत्येक नंबर एकदा वाचायची, मग पुसायची. चौथ्या दिवशी भैय्यालाल चहा घेऊन आला, आणि कप ठेवून निघून गेला.

मार्च संपला तरी पुढच्या वर्षाच्या कंत्राटाचा कागद आला नाही. तो का आला नाही हे तिने विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही.

डिसेंबरात दत्तोपंत गेले. हिंदी पेपरात त्यांच्यावर अर्धं पान आलं. त्यात त्यांचा फोटो होता आणि शेजारी चारशे सतराचं चित्र होतं, कुठल्या तरी जुन्या स्मरणिकेतून घेतलेलं, डाव्या धारेवरच्या दोन घावांसकट. यशवंतरावाने मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "राहू द्या आता." अंत्यदर्शनाला ती गेली होती. मारवाडी श्मशानघाटावर गर्दी होती, जुन्या ऑफिसातले लोक होते. कोणी तिला ओळख दाखवली, कोणी दाखवली नाही. तिला कडेचे चेहरे दिसतच नव्हते, त्यामुळे नेमकं कोणी तोंड फिरवलं हे तिला कळलं नाही. गंधाली पुढे येऊन भेटली आणि म्हणाली, "शेवटी शेवटी पप्पाजी हातात काहीतरी धरल्यासारखा अंगठा चोळत बसायचे."

नंतर डावा डोळा जवळपास गेला. उजव्याने समोरचं दिसतं, नळीतून पाहावं तसं. मोहल्ल्यातल्या एका शाळेने मुलांना चित्रकला शिकवाल का म्हणून विचारलं, तिने नाही सांगितलं. यशवंतराव एकदा म्हणाला, "पुन्याले नाई तं नागपूरले कोनी तरी पाह्यन तुये चित्रं. आपून जाऊन दाखवू."

"कोन्त्या तोंडानं?" ती म्हणाली. "अन् चित्रं माझी नाहीत, खात्याची आहेत."

यंदाच्या उन्हाळ्यात शिशिरचा फोन आला. त्याची बदली जगदलपूरला झाली होती. बाहेरच्या एका विद्यापीठातल्या मुलीने बेलझिरियाबद्दल त्याला पत्र लिहिलं होतं, तिला चित्रं बघायची होती. म्हणून त्याने ऑफिसात विचारलं. चित्रांचे गठ्ठे ज्या कपाटात होते, ते कपाट यादीतच नव्हतं. नव्या साहेबांना काही माहीत नव्हतं. पेट्या दुसऱ्या गोदामात गेल्या होत्या. कोणत्या, ते बघून सांगतो म्हणाले होते.

"आपके पास कोई कॉपी है, मॅडम?"

"नाही."

"एक-दोन भी?"

"नाही शिशिर. एकही नाही."

मग तो म्हणाला, "अपना खयाल रखिए," आणि फोन बंद झाला.

यशवंतराव स्वयंपाकघरातून ओरडला, "कोन होतं?"

"ऑफिसातला."

"काय म्हने?"

"काही नाही."

तो बाहेर आला, हात पुसत, तिच्याकडे बघत दारात उभा राहिला. तिने फोन टेबलावर ठेवला. काठावर ठेवला गेला तो खाली पडला. त्याने वाकून उचलला आणि आत सरकवून ठेवला.

"वरन झालं," तो म्हणाला. "चाल, जेवून घे."